गळणारे तळे कोणी बुजवायचे? : मोहेंजोदडोचे स्नानगृह, फायबरग्लासची कातडी आणि सौंदड परिसरातील मामा तलाव

नागपूरहून रायपूरकडे जाणाऱ्या महामार्गाने साकोली ओलांडली की गोंदिया जिल्ह्याच्या सडक अर्जुनी तालुक्यातील सौंदड हे गाव लागते. गोंदिया-बल्लारशा रेल्वेमार्गावरचे हे एक स्थानक. चुलबंद नदीचे हे खोरे धानाचे, आणि म्हणून तलावांचेही. आजच्या धाग्याचा विषय मात्र तलावांचे सौंदर्य नसून त्यांची गळती आहे. गळतीलाही इतिहास असतो, आणि तो राजवंशांच्या इतिहासापेक्षा आपल्या ताटातील भाताच्या अधिक जवळ आहे.

प्रारंभ एका अगदी आधुनिक उदाहरणाने करू. एखाद्या बंगल्याच्या आवारातील सिमेंटचा पोहण्याचा तलाव काही दशकांनी गळू लागतो. फरशांचे सांधे सुटतात, सिमेंटला केसासारखे तडे जातात, आणि बाष्पीभवनाने जाईल त्याहून कितीतरी अधिक पाणी रोज नाहीसे होते. यावर हल्ली एक उपाय करतात. तलाव रिकामा करून आतला पृष्ठभाग घासून कोरडा करायचा, काचतंतूंची चटई राळेत भिजवून थरावर थर चढवायची आणि वरून गुळगुळीत लेप द्यायचा. जुन्या भांड्याच्या आत जणू नवी कातडी तयार होते. काचतंतूंचे व्यापारी उत्पादन अमेरिकेत १९३० च्या दशकात सुरू झाले. दुसऱ्या महायुद्धात राळ आणि काचतंतू यांच्या संयोगातून विमानांचे भाग घडवले गेले, आणि युद्धानंतर तेच तंत्र नौका, टाक्या व तरणतलाव यांच्याकडे वळले.

येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, हा थर पाण्याच्या बाजूला असतो, त्यामुळे पाण्याचाच दाब त्याला भिंतीवर आवळून धरतो. दुसरी, भर पावसाळ्यात, भूजल वर आलेले असताना तलाव रिकामा केला, तर खालून येणारा दाब तळ उचलतो, थर सुटतो. पाणी कोणत्या बाजूने रेटत आहे हे न पाहता केलेली दुरुस्ती फुकट जाते. ही दोन वाक्ये पुढे मातीच्या तलावाशी पुन्हा भेटतील.

ही विद्या नवी नाही. मोहेंजोदडोचे महास्नानगृह १९२५-२६ च्या उत्खननात उजेडात आले. सुमारे १२ मीटर लांब, ७ मीटर रुंद आणि अडीच मीटरच्या आसपास खोल असलेल्या या कुंडाच्या विटा काटेकोर घट्ट बसवून जिप्समच्या चुन्यात सांधलेल्या होत्या, आणि विटांच्या भिंतीमागे डांबराचा सुमारे इंचभर जाड थर दिलेला होता. म्हणजे साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराला हे ठाऊक होते की केवळ भिंतीच्या बळावर पाणी थांबत नाही. त्यासाठी सलग, न फुटणारा थर वेगळा द्यावा लागतो. (महास्नानगृहाच्या धार्मिक उपयोगावर पानेच्या पाने लिहिली जातात आणि डांबर एका वाक्यात आटोपते. मला हा अन्याय वाटतो.)

आता आपल्या झाडीपट्टीकडे वळू. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या चार जिल्ह्यांत मिळून सहा हजारांहून अधिक जुने तलाव आहेत. सरकारी भाषेत ते ‘माजी मालगुजारी तलाव’, आणि त्या शब्दांच्या आद्याक्षरांवरून लोकांच्या तोंडी ‘मामा तलाव’. यांतील अनेक तलावांच्या निर्मितीचे श्रेय कोहळी समाजाला दिले जाते. चांद्याच्या गोंड राजांविषयीची परंपरा सांगते की, जो तलाव बांधील त्याला त्या तलावाने भिजणारी जमीन द्यावी अशी त्यांची रीत होती. ही परंपरा मेजर लुसी स्मिथ यांनी १८६९ च्या चांदा जिल्ह्याच्या बंदोबस्त अहवालात नोंदवली. सौंदडच्या दक्षिणेस, अर्जुनी मोरगाव तालुक्यातील नवेगावबांधचा विस्तीर्ण जलाशय कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असे मानतात. मारुती चितमपल्ली यांच्या लेखनामुळे तो आपल्याला पक्ष्यांसाठी ठाऊक झाला. पण त्या पक्ष्यांच्या आधी तेथे एक पाळ उभी राहिली होती.

ही पाळ मातीची. टेकड्यांमधला उतार हेरून, तीन बाजूंनी जमीन आणि चौथ्या बाजूला बांध, अशी ही रचना. डांबर नाही, चुना नाही, काचतंतू तर दूरच. मग पाणी टिकते कसे? उत्तर तलावाच्या पोटात आहे. दर पावसाळ्यात पाण्याबरोबर येणारी बारीक चिकणमाती तळावर बसते आणि वर्षानुवर्षे मुरूम व वाळू यांमधील छिद्रे बुजवत राहते. गाळ हेच या तलावाचे अस्तर! तेही नेमके पाण्याच्या बाजूला, पाण्याच्याच वजनाने दाबले गेलेले.

परंतु हेच अस्तर फार जाड झाले की तलाव उथळ होतो. म्हणून उन्हाळ्यात, तलाव आटल्यावर, शेतकरी वरचा गाळ बैलगाडीने काढून आपल्या बांध्यांत टाकीत. शेताला खत मिळे, तलावाला खोली मिळे, आणि गाडीभर फावड्याने निघणारा गाळ खालच्या घट्ट थराला धक्का लावत नसे. या पद्धतीला कोणी अभियांत्रिकी म्हटले नाही एवढेच.

पाळीची गळती ही निराळी बाब. येथे पाणी सोडण्याच्या मोरीला ‘तुडूम’ म्हणतात, जादा पाणी वाहून जाण्याच्या जागेला ‘सलंग’, आणि पाण्याची पाळी लावणाऱ्या माणसाला ‘पाणकर’. मातीच्या बांधाला धोका असतो तो बहुधा तुडुमाच्या कडेला, जेथे दगड आणि माती एकमेकांना भिडतात. किंवा उंदीर व खेकड्यांच्या बिळांत. किंवा पाळीवरचे झाड मेल्यावर कुजणाऱ्या मुळांच्या पोकळीत. आरंभी तेथून नितळ पाणी झिरपते. ते पाणी गढूळ झाले की समजावे, आतून माती वाहू लागली आहे. मग बारीक नळी रुंद होत जाते आणि एका मुसळधार रात्री पाळ फुटते. नितळ आणि गढूळ यांतला फरक ओळखण्यासाठी रोज पाळीवरून चालणारा माणूस लागतो. ऑक्टोबरात परतीचा पाऊस दगा देतो तेव्हा लोंबीवर आलेल्या धानाला तलावाचे एक पाणी हवे असते. तोवर तलाव गळून गेला असेल तर चार महिन्यांची मेहनत पोचट दाण्यांत संपते.

म्हणून प्रश्न साहित्याचा कमी आणि जबाबदारीचा अधिक. १८६० च्या दशकातील इंग्रजी बंदोबस्तांनी मालगुजाराला गावाचा मालक ठरवले. तलाव त्याचे, दुरुस्तीचा भारही मुख्यतः त्याच्यावर; कारण पाणी नाही तर पीक नाही, आणि पीक नाही तर वसुली नाही. या व्यवस्थेला सुवर्णयुग म्हणण्याचे मला काहीच कारण दिसत नाही. पाळीवर माती टाकणारे हात मालगुजाराचे नव्हते, आणि वेठबिगार हा त्या काळाचा उघड भाग होता. पण पाळ गळली तर नुकसान कोणाचे, हे तेव्हा स्पष्ट होते.

मग १९५० चा मध्य प्रदेशचा मालकी हक्क निर्मूलन कायदा आला. भंडारा जिल्हा तेव्हा त्या राज्यात होता. ३१ मार्च १९५१ रोजी मालगुजारी संपली. या कायद्यातील एक तरतूद फार बोलकी आहे. गावठाण आणि वहिवाटीची जमीन यांच्या बाहेरील ज्या तलावात मालगुजाराखेरीज अन्य कोणाचाही सिंचनाचा हक्क नव्हता, तो त्याच्याकडे राहू शकत होता. म्हणजे त्या जमिनीवरील ज्या तलावांवर अनेकांची शेती भिजत होती, नेमके तेच शासनाकडे गेले. न्यायाच्या दृष्टीने हे योग्यच होते. मात्र हक्क अनेकांचा झाला आणि फावडे कोणाच्याच हाती राहिले नाही. पुढे १९५६ मध्ये जिल्हा मुंबई राज्यात, १९६० मध्ये महाराष्ट्रात आला, आणि लहान तलाव कालांतराने जिल्हा परिषदेच्या ताब्यात गेले. दरम्यान पाळींवर बेशरमाची झुडपे माजली आणि तुडूम मोडले.

अलीकडे चित्र पुन्हा हलते आहे. जलयुक्त शिवार, नंतर २०१७ ची ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना यांमुळे गाळ काढण्याला बळ मिळाले. मात्र बैलगाडीच्या जागी आता पोकलेन असते. यंत्राने तळ एकसारखा खोल खरवडला तर चिकणमातीचा तो थर फाटतो आणि खालचा मुरूम उघडा पडतो. तलाव दिसायला खोल होतो आणि डिसेंबरात कोरडा पडतो. तरणतलावातील फायबरग्लास खोलीसाठी म्हणून खरवडून काढण्याचा विचारही कोणी करणार नाही. मातीच्या तलावाचे अस्तर मात्र आपल्याला कचरा वाटते. पाळीच्या पायथ्याशी अंतर सोडून, घट्ट थर लागताच थांबून काम करता येते, आणि काही ठिकाणी तसे होतेही.

विदर्भातील वाचकांसाठी एक सूचना. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये ‘निस्तार पत्रक’ आणि ‘वाजिब-उल-अर्ज’ या दोन नोंदींची तरतूद आहे, अनुक्रमे कलम १६१ आणि १६५. पहिलीत गावाच्या सामाईक जमिनीचा वापर, दुसरीत सिंचन व अन्य बाबींविषयी गावात चालत आलेले रिवाज लिहिलेले असतात. आपल्या गावाच्या या नोंदी तहसील कार्यालयात मागून पाहा. तलावाचे नाव सापडले, तर त्याचे पाणी कोणाच्या बांधीत जात होते तेही बहुधा तेथेच सापडेल. मग त्या बांधीपर्यंतचा पाट आज शिल्लक आहे का, ते प्रत्यक्ष चालून बघा.