सरकारी कागदांचा वाचक : आय. एफ. स्टोन

वृत्तपत्राचा संसार किती लहान असू शकतो, याचा एक दाखला आज सांगावयाचा आहे. चार पाने, एकच माणूस संपादक, तोच बातमीदार, आणि वर्गणीदारांचे हिशेब पाहणारी त्याची पत्नी एस्थर. वॉशिंग्टनहून १७ जानेवारी १९५३ रोजी निघालेल्या या पत्राचे नाव 'आय. एफ. स्टोन्स वीकली'. वर्गणी सालीना ५ डॉलर. आरंभीचे वर्गणीदार ५,३०० च्या आसपास.

तो काळ सिनेटर मॅकार्थी यांच्या दहशतीचा होता. डाव्या विचारांचा नुसता वास आला तरी माणसाची भाकरी जात असे. स्टोन ज्या 'डेली कंपास'मध्ये लिहीत, ते पत्र नोव्हेंबर १९५२ मध्ये बंद पडले आणि पंचेचाळिशीच्या या मुरलेल्या पत्रकाराला कोणी दारात उभे करीना. तेव्हा स्वतःचे पत्र काढण्यावाचून गत्यंतर उरले नाही.

मूळ नाव इसिडोर फाइन्स्टाइन. जन्म १९०७, फिलाडेल्फिया. रशियातून आलेले ज्यू कुटुंब, न्यू जर्सीत हॅडनफील्ड गावी दुकान. १९२२ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, त्यांनी स्वतःचे मासिक काढले आणि त्यात गांधीजींची बाजू घेतली. शाळेत ५२ जणांत नंबर ४९ वा; पुढे कॉलेजही अर्धवट सोडले. बिनपदवीच्या माणसाबद्दल मला जरा जास्त जिव्हाळा वाटतो, तो आपण समजून घ्यावा.

स्टोन यांना कमी ऐकू येई. पत्रकार परिषदेत मंत्र्याच्या तोंडचे टिपणे जड जाई, म्हणून ते छापील कागद वाचू लागले : संसदेच्या कामकाजाचे वृत्तांत, समित्यांच्या साक्षी, खात्यांचे अहवाल. आम्हां कामगार चळवळीतल्या माणसांना यात नवल वाटणार नाही. बोनसच्या वेळी मालक तोटा सांगतो आणि त्याच्याच ताळेबंदात, घसारा व राखीव निधी यांच्या रकान्यांत, नफा दडी मारून बसलेला सापडतो.

आता त्यांची एक करामत ऐका. १९ सप्टेंबर १९५७ रोजी नेव्हाडाच्या वाळवंटात अमेरिकेने भूमिगत अणुस्फोट केला. तेव्हा चाचण्यांवर बंदी घालावी की नाही, हा वाद पेटला होता. बंदीचे विरोधक म्हणत, जमिनीखालचा स्फोट दुरून ओळखता येत नाही. रशियाने चोरून केला तर कळणार कसे? मात्र या स्फोटाचा धक्का टोरोंटो, रोम, टोकियो येथे जाणवल्याच्या चार-दोन ओळी 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये कोपऱ्यात आल्या होत्या. स्टोन यांनी त्या जपून ठेवल्या. १९५८ च्या मार्चमध्ये अणुऊर्जा आयोगाने जाहीर केले की, धक्का २०० मैलांपलीकडे कळला नाही. स्टोन तडक भूकंपांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी खात्यात गेले. तेथील शास्त्रज्ञांपाशी नोंदी तयारच होत्या : थेट अलास्कातील फेअरबँक्सपर्यंत, म्हणजे दोन हजार मैलांहून दूर! आयोगाला आपले विधान दुरुस्त करावे लागले. खोटे उघडे पाडणारा पुरावा त्याच सरकारच्या दुसऱ्या कचेरीत होता.

१९६५ साली व्हिएतनामविषयी श्वेतपत्रिका निघाली, तेव्हाही हेच घडले. उत्तरेकडून शस्त्रे येतात, हा सरकारचा दावा. स्टोन यांनी लष्करी खात्याचेच आकडे पुढे ठेवले : तीन वर्षांत बंडखोरांकडून घेतलेली शस्त्रे १५,१००; श्वेतपत्रिकेत दीड वर्षातली परदेशी बनावटीची म्हणून दाखवलेली अवघी १७९.

त्यांचे सगळेच बरोबर ठरले, असे मी म्हणणार नाही. कोरियन युद्धावरचे त्यांचे १९५२ चे पुस्तक दक्षिणेवर नको तितका संशय घेते. पुढे खुल्या झालेल्या रशियन कागदांवरून, स्टालिनच्या संमतीने उत्तरेनेच चढाई केली हे सिद्ध झाले. रशियाबाबतही त्यांनी बराच काळ डोळेझाक केली. परंतु १९५६ मध्ये मॉस्को पाहून आल्यावर, हा समाज चांगला नाही, असे त्यांनी स्वच्छ लिहिले आणि त्यापायी शेकडो वर्गणीदार गमावले. १९३६ ते १९३८ या काळात ते सोव्हिएत हेरखात्याला मदत करीत होते, असा आरोप २००९ मधील एका ग्रंथात झाला. त्यावर अभ्यासकांत एकमत नाही. अमेरिकेच्या गुप्त पोलिसांनी मात्र त्यांच्यावर हजारो पानांची फाईल जमवली होती.

डिसेंबर १९७१ मध्ये हृदयविकारामुळे पत्र बंद केले, तेव्हा वर्गणीदार ७०,००० च्या घरात गेले होते. मग स्टोन विचारस्वातंत्र्याच्या इतिहासाकडे वळले. भाषांतरांवर भरवसा बसेना, म्हणून साठी उलटल्यावर ते प्राचीन ग्रीक भाषा शिकले. सॉक्रेटिसाच्या खटल्यावरचे त्यांचे पुस्तक १९८८ मध्ये आले. पुढच्याच वर्षी ते वारले.