द विच ऑफ ब्लॅकबर्ड पॉन्ड

अमेरिकन लेखिका एलिझाबेथ जॉर्ज स्पीअर (१९०८–९४) यांची किशोरवाचकांसाठी लिहिलेली ऐतिहासिक प्रेमकादंबरी. १९५८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कादंबरीस १९५९ चे न्यूबेरी पदक, म्हणजे अमेरिकेतील बालकुमार साहित्याचा मानाचा पुरस्कार, मिळाले. कथानक १६८७ मध्ये सुरू होते आणि इंग्रजांच्या कनेटिकट वसाहतीतील वेदर्सफील्ड या गावी घडते.

बार्बेडोस बेटावर वाढलेली सोळा वर्षांची किट टायलर आजोबांच्या निधनानंतर पोरकी होऊन मावशीच्या आश्रयाला येते. मावशीचे घर प्युरिटन, म्हणजे कडक धर्माचरण व अखंड कष्ट यांवर भर देणाऱ्या प्रॉटेस्टंट पंथाचे असल्याने तिचे रेशमी झगे आणि नाटके वाचण्याची आवड तेथे खटकते. परंतु संशयाचे बीज त्याआधी, प्रवासातच पडलेले असते. प्रूडन्स क्रफ या लहान मुलीची बाहुली पाण्यात पडते तेव्हा किट कपड्यांनिशी उडी मारून ती काढून आणते, आणि चेटकीण पाण्यात बुडत नाही अशी त्या काळची समजूत असल्याने तिचे पोहणेच तिच्याविरुद्ध जाते. पुढे ती तळ्याकाठी एकटी राहणाऱ्या हॅना टपर या वृद्धेच्या झोपडीत प्रूडन्सला चोरून वाचायला शिकवते. हॅना क्वेकर, म्हणजे पाद्री व धर्मविधी न मानणाऱ्या पंथाची. मॅसॅच्युसेट्समधून डागण्या देऊन हाकललेली. गावात तापाची साथ येताच जमाव तिची झोपडी जाळतो. किट आणि खलाशी नॅट ईटन तिला वाचवतात, पण किटवर खटला भरला जातो. प्रूडन्सचे नाव ओळीने गिरवलेली वही चेटकाचा पुरावा म्हणून पुढे येते. तेव्हा खुद्द प्रूडन्स भर सभेत बायबल वाचून दाखवते आणि बायकोपुढे एरवी गप्प बसणारा तिचा बाप लेकीच्या अभिमानाने तक्रार मागे घेतो. हा प्रसंग कादंबरीतील सर्वांत सरस होय. किटला मागणी घालणारा श्रीमंत विल्यम ॲश्बी या वेळी फिरकतही नाही, तर गावबंदी असलेला नॅट फटक्यांची शिक्षा ओढवून घेण्याची तयारी ठेवून येतो. प्रेमकथेचा निर्णय असा खटल्यातच होऊन जातो.

किट व हॅना काल्पनिक असल्या, तरी भीती खरी होती. मॅसॅच्युसेट्समधील सेलमच्या १६९२ मधील प्रसिद्ध चेटूक-खटल्यांच्या ४५ वर्षे आधी, १६४७ मध्ये, ॲल्स यंग हिला हार्टफर्ड येथे चेटूक केल्याबद्दल फाशी देण्यात आले. वेदर्सफील्डचीच कॅथरिन हॅरिसन, इंग्लंडहून आलेली एकेकाळची मोलकरीण व पुढे सधन विधवा, १६६९ मध्ये दोषी ठरली. १६७० मध्ये तिची सुटका झाली, पण गाव सोडावे लागले. एकाच कृत्याला एकाहून अधिक साक्षीदार हवेत, असे मत त्या प्रकरणात धर्मगुरूंच्या वतीने मांडणारा गर्शम बल्कली कादंबरीत पात्र म्हणून येतो.

किटचे बार्बेडोसमधील सुखी बालपण ऊसमळ्यांतील गुलामांच्या श्रमांवर उभे होते आणि आजोबांचे कर्ज फेडताना ते गुलामही विकले गेले, याचा उल्लेख कादंबरीत येतो, मात्र त्या माणसांच्या वाट्याला एकही स्वतंत्र प्रसंग येत नाही. परक्या माणसावरील अन्यायाची इतकी बारीक जाण असलेल्या लेखिकेकडून राहिलेली ही उणीव गंभीर आहे.