निर्मळ नादाची किंमत

गिटार हें मूळचें दिवाणखान्यांतलें वाद्य. पितळी वाद्यांच्या गदारोळांत त्याचा कोमल ध्वनि बुडून जाई. १९३६ मध्यें अमेरिकेंतील गिब्सन कंपनीनें विजेची गिटार ध्वनिवर्धकासह विक्रीस आणली. आणि १९३९ मध्यें बेनी गुडमन यांच्या वाद्यवृंदांत आलेल्या चार्ली ख्रिश्चन यांनीं तिला एकलवादनाचा मान मिळवून दिला.

परंतु मोठा आवाज व स्वच्छ आवाज हे दोन निरनिराळे गुण होत. ध्वनिवर्धकाची शक्ति अपुरी पडली, कीं नादलहरींचे माथे छाटले जातात आणि सूर खरखरूं लागतो. कॅलिफोर्नियांतील लिओ फेंडर यांची यंत्रें डिक डेल या वादकाच्या जोरकस वादनापुढें टिकेनात, तेव्हां त्यांनीं अधिक बलवान यंत्रें घडविलीं. १९६३ मध्यें निघालेला त्यांचा ८५ वॅटचा ‘ट्विन रिव्हर्ब’ स्वच्छ नादाविषयीं नांवाजला. पुढें १९७५ मध्यें जपानच्या रोलंड कंपनीनें निर्वात नळ्यांऐवजीं ट्रान्झिस्टर योजून १२० वॅटचा ‘जॅझ कोरस’ काढला.

वाचकांनीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. वॅट दुप्पट केल्यानें आवाज दुप्पट होत नाहीं. तो अवघा ३ डेसिबेलनें वाढतो. म्हणून ध्वनिवर्धक निवडतांना हा आकडा केवळ आवाजाचें माप समजूं नये. निर्मळपणासाठीं राखून ठेवलेली ती पुंजी होय. ज्या खरखरीवर फेंडर यांनीं उपाय शोधला, तीच पुढील पिढीच्या अनेक वादकांनीं हौसेनें जवळ केली. तथापि ज्यास प्रत्येक तार स्वच्छ ऐकवावयाची आहे, त्यास ही पुंजी बाळगल्यावांचून गत्यंतर नाहीं.