कामाची जागा आणि धूर : कायदा काय सांगतो?

शिर्डी हे जसे भाविकांचे गाव आहे, तसेच ते कष्टकऱ्यांचेही गाव आहे. राहाता तालुक्यातील या नगरीत हॉटेले, लॉज, भोजनगृहे आणि दुकाने यांवर असंख्य कुटुंबांचा चरितार्थ चालतो. २००९ साली साईनगर शिर्डी रेल्वे स्थानक व २०१७ साली काकडी येथील विमानतळ सुरू झाल्यावर येथील वर्दळ अधिकच वाढली. गिऱ्हाईक खोलीत सिगारेट ओढून निघून जाते. तो धूर मात्र खोली झाडणाऱ्या कामगाराच्या छातीत जातो. नोकरी टिकवायची असल्याने तो बोलत नाही. म्हणूनच या विषयीचे नियम आपण सर्वांनी जाणून घेणे अगत्याचे आहे.

कायद्याची वाटचाल

मुंबईचे माजी महापौर मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २००१ रोजी रुग्णालये, शिक्षणसंस्था, न्यायालये, सार्वजनिक कार्यालये व रेल्वेसह सार्वजनिक वाहने येथे धूम्रपानास मनाई केली. पुढे २००३ साली सिगारेट व अन्य तंबाखू उत्पादने अधिनियम आला आणि त्याखालील नियम २ ऑक्टोबर २००८ पासून अमलात आले. या नियमांनी कामाच्या ठिकाणांचाही समावेश ‘सार्वजनिक जागा’ या संज्ञेत केला.

मालक व व्यवस्थापकांची जबाबदारी

• प्रवेशद्वारावर व प्रत्येक मजल्यावर किमान ६० बाय ३० सेंटिमीटर आकाराचा ‘धूम्रपान निषिद्ध क्षेत्र’ असा फलक हवा. तक्रार कोणाकडे करावी, त्या व्यक्तीचे नावही ठळकपणे लावावयाचे असते.

• राखदाणी, काडेपेटी, लायटर अशा वस्तू पुरविता येत नाहीत.

• नियम मोडणाऱ्यास २०० रुपयांपर्यंत दंड होतो. तक्रार येऊनही प्रमुखाने कारवाई केली नाही, तर जितके अपराध घडले तितका दंड त्याच्यावर बसतो.

• शाळेत मुख्याध्यापक, तर खाजगी कार्यालयात संस्थाप्रमुख अथवा मनुष्यबळ व्यवस्थापक यांना दंड आकारण्याचा अधिकार आहे.

तीस किंवा अधिक खोल्यांचे हॉटेल, तीस किंवा अधिक आसनांचे उपाहारगृह आणि विमानतळ यांना स्वतंत्र धूम्रपान कक्ष ठेवता येतो. तेथील धूर थेट बाहेर सोडण्याची सोय असावी लागते, आणि २०१७ च्या दुरुस्तीनुसार त्या कक्षात कोणतीही सेवा देता येत नाही. म्हणजेच वाढप्याला चहा घेऊन त्या धुरात पाठविणे नियमबाह्य आहे. लहान लॉज व खानावळींना मात्र ही सवलतच नाही.

इलेक्ट्रॉनिक सिगारेट

या यंत्रात द्रव तापवून त्याची वाफ ओढली जाते. त्या द्रवात बहुधा निकोटीन असते व त्याचे व्यसन जडते. भारत सरकारने १८ सप्टेंबर २०१९ रोजी अध्यादेश काढून व त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कायदा करून या वस्तूचे उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण, साठवण व जाहिरात यांवर बंदी घातली. ई-हुक्काही त्यात आला. विक्रीच्या पहिल्या अपराधास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा आहेत. साठवणुकीसाठी जागा वापरू दिल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५० हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. दुकानमालकाने व लॉजचालकाने हे विशेष ध्यानात ठेवावे.

येथे एक बारकावा आहे. २००३ च्या कायद्यात ‘धूम्रपान’ म्हणजे तंबाखूचे धूम्रपान होय, तर २०१९ च्या कायद्याचा रोख व्यापारावर आहे. त्यामुळे ‘ही तर नुसती वाफ आहे’ असा युक्तिवाद कोणी करू शकतो. यावर सोपा उपाय म्हणजे प्रत्येक संस्थेने आपल्या सेवानियमांत इलेक्ट्रॉनिक सिगारेटचा स्पष्ट उल्लेख करून तिलाही मनाई करावी.

व्हॅटिकनचे उदाहरण

संत पोप जॉन पॉल दुसरे यांच्या काळात, २००२ साली, व्हॅटिकनने कामाच्या बंदिस्त जागांत धूम्रपानास बंदी केली. पोप फ्रान्सिस यांनी २०१८ पासून कर्मचाऱ्यांना होणारी सवलतीतील सिगारेट विक्रीही थांबविली. त्या विक्रीतून व्हॅटिकनला चांगले उत्पन्न मिळत होते. तरीही आरोग्यास हानिकारक वस्तूपासून लाभ घेणे योग्य नव्हे, अशी भूमिका घेण्यात आली. कॅथोलिक धर्मशिक्षणग्रंथाच्या परिच्छेद २२९० मध्येही तंबाखूचा अतिरेक टाळणे हे संयमाच्या सद्गुणाचे अंग मानले आहे.

नियमाला करुणेची जोड

आपल्याच जिल्ह्यातील संगमनेरला कित्येक भगिनींनी बिड्या वळून संसार चालविले आहेत, हे आपण विसरू नये. व्यसनात अडकलेला सहकारी हा शत्रू नव्हे. नियम धुराविरुद्ध असावा, माणसाविरुद्ध नसावा. केवळ दंड करून न थांबता व्यवस्थापनाने अशा कामगारास समुपदेशनाची वाट दाखवावी. शासनाची १८००-११-२३५६ ही निःशुल्क दूरध्वनी सेवा त्यासाठीच आहे. आपल्या शाळा, दवाखाने, वसतिगृहे व धर्मग्राम कार्यालये यांनी आपले फलक व सेवानियम या निमित्ताने एकवार तपासून पाहावेत, अशी आम्ही नम्र विनंती करतो.