ॲटॉमिक फॉरेस्ट

ॲटॉमिक फॉरेस्ट : इंग्रजी रॉकसंगीत वाजवणारा मुंबईतील एक अल्पजीवी बँड. कालखंड १९७०चे दशक. ‘ऑब्सेशन ७७’ ही एकच दीर्घध्वनिमुद्रिका त्याच्या नावावर आहे. गिटारवादक नील चट्टोपाध्याय, बेस गिटारवादक कीथ कांगा, ड्रमवादक व्हॅलेंटाइन लोबो आणि गायक मधुकर चंद्र धस ही त्यातील प्रमुख नावे. महाराष्ट्राच्या संगीताचा इतिहास लिहिताना अभिजात, नाट्य, भाव, लोक आणि चित्रपटसंगीत यांना जागा मिळते. मुंबईत वाढलेल्या या सहाव्या प्रवाहाला क्वचितच मिळते. तो प्रवाह समजून घ्यायचा तर या बँडपासून सुरुवात करणे सोयीचे आहे.

त्या काळी मुंबई, कोलकाता, मद्रास, बंगळूर आणि शिलाँग येथे महाविद्यालयीन मुलांचे कितीतरी बँड उभे राहिले होते. परदेशातून कोणी आणलेली रेकॉर्ड पुनःपुन्हा लावायची, कानाने सूर पकडायचे आणि गाणे बसवायचे, हीच त्यांची तालीम. ‘सिमला’ सिगारेटच्या जाहिरातीसाठी तंबाखू कंपनीने ‘सिमला बीट’ ही देशव्यापी स्पर्धा भरवली आणि १९७० व १९७१ मध्ये निवडक बँडच्या दोन ध्वनिमुद्रिका काढल्या. कोलकात्याचे ‘जेएस’ अर्थात ‘ज्युनियर स्टेट्समन’ हे साप्ताहिक या मुलांच्या बातम्या आणि छायाचित्रे छापत असे. मुंबईत वाजवण्याच्या जागा म्हणजे ताजमहाल हॉटेलातला ‘ब्लो अप’ आणि कुलाब्याचा ‘स्लिप डिस्क’ यांसारखे डिस्कोथेक. ऑक्टोबर १९७२ मध्ये लेड झेपलिन या ब्रिटिश रॉकबँडचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट याच ‘स्लिप डिस्क’मध्ये इथल्या वादकांबरोबर वाजवून गेले. त्याच मुक्कामात त्यांनी मुंबईच्या वादकांना घेऊन दोन गाणी ध्वनिमुद्रित केली. ती अधिकृतपणे ऐकायला मिळाली ती थेट २०१५ मध्ये.

ॲटॉमिक फॉरेस्टच्या वर्तुळाचा रंगभूमीशी आलेला संबंध मराठी वाचकाला विशेष जवळचा वाटेल. अँड्र्यू लॉइड वेबर आणि टिम राइस यांचे ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’ हे रॉकनाट्य अलेक पदमसी यांनी मुंबईत बसवले, तेव्हा येशूची भूमिका मधुकर धस यांनी केली आणि ज्यूडासची नंदू भेंडे यांनी. नंदू हे आत्माराम भेंडे आणि आशा भेंडे यांचे चिरंजीव. ‘वेल्व्हेट फॉग’ आणि ‘सॅव्हेज एन्काउंटर’ या मुंबईच्या बँडमधून ते गात असत. पुढे १९७८ मध्ये पु. ल. देशपांडे यांच्या ‘तीन पैशाचा तमाशा’ या नाटकाचे प्रयोग पुण्याच्या थिएटर ॲकॅडमीने जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनाखाली सुरू केले. त्यात नाट्यपद आणि लोकसंगीताच्या शेजारी पाश्चात्त्य ढंगाचे गाणे उभे राहिले ते भेंड्यांच्या गळ्यातून. या संगीताचा मराठी मातीत इतका थेट शिरकाव दुसरीकडे कुठे झाल्याचे दिसत नाही, म्हणून त्याचे मोल फार आहे.

‘ऑब्सेशन ७७’च्या नावात ७७ हा आकडा असला, तरी ती बाजारात यायला पुढे काही वर्षे गेली आणि तोवर बँड मोडलेला होता. मुद्रिकेचा बराच भाग शब्दाविना, केवळ वाद्यांचा आहे. जिमी हेंड्रिक्सच्या ‘फॉक्सी लेडी’सारखी परकी रचना घेऊन तिच्यावर वादकांनी आपली मोहोर उठवलेली आहे. या आवाजाची ओळख म्हणजे ‘फझ’. गिटारमधून येणारा विद्युत संदेश इतका वाढवायचा की त्याच्या लहरींचे शेंडे छाटले जातात आणि सूर जाड, करकरीत, कडा फाटल्यासारखा उमटतो. या फाटक्या सुराला खालून घट्ट बेस आणि नाचायला लावणारा ठेका धरून ठेवतो. रॉक आणि फंक यांच्या सीमेवरचे हे वादन त्याच काळातल्या कुठल्याही परदेशी बँडपुढे उणे पडत नाही.

मग आयुष्य इतके थोडे का? प्रतिभेचा तुटवडा नव्हता. बाकी सगळ्याचा होता. परदेशी गिटार आणि ॲम्प्लिफायरवर भरमसाट आयात शुल्क होते. हॉटेलांना गिऱ्हाइकांच्या ओळखीची गाणी हवी असत, त्यामुळे स्वतःची रचना रोज वाजवून घडवण्याची संधीच मिळत नसे. ध्वनिमुद्रिकांचा बाजार चित्रपटगीतांवर चाले. रात्रीच्या मानधनावर संसार उभा करणे अवघड, तेव्हा अशा बँडमधले कोणी जाहिरातींच्या जिंगल्सकडे वळले, कोणी चित्रपटांच्या वाद्यवृंदात गेले, कोणी परदेशी स्थायिक झाले. १९७७ मध्ये ‘जेएस’ बंद पडले. १९८० च्या ‘कुर्बानी’ चित्रपटातील संगीतकार बिद्दूंच्या गाण्याने डिस्कोची लाट आणली आणि तरुणांचे पाय तिकडे वळले. स्वतः भेंडेही १९८२ च्या ‘डिस्को डान्सर’साठी गायले.

मुद्रिका मात्र जुन्या रेकॉर्डी जमवणाऱ्या परदेशी संग्राहकांच्या हाती लागली आणि दुर्मीळ वस्तू म्हणून तिचा शोध घेतला जाऊ लागला. लॉस एंजेलिसच्या ‘नाऊ-अगेन रेकॉर्ड्‌स’ या कंपनीने, तिचे संस्थापक इओथेन अलापट यांच्या पुढाकाराने, २०११ मध्ये ती जादा गाण्यांसह पुन्हा प्रसिद्ध केली. जतनाचे हे काम मुंबईतच व्हायला हवे होते. जादा गाण्यांत डीप पर्पलचे ‘मेरी लाँग’ आहे, आणि वाद्यांच्या गर्दीत झाकला न जाणारा गायकाचा आवाज त्यात ऐकू येतो. त्या पिढीची सविस्तर हकीकत सिद्धार्थ भाटिया यांनी २०१४ मध्ये ‘इंडिया सायकेडेलिक’ या इंग्रजी पुस्तकात मांडली. नंदू भेंडे यांचे निधन त्याच वर्षी एप्रिलमध्ये झाले.