बी.कॉम. तीन वर्षांचं की चार? थोडा जुना हिशेब

बारावीचा निकाल लागला की ओळखीतले पालक विचारतात, "बी.कॉम. तीन वर्षांत संपवावं की चौथं करून ऑनर्स घ्यावं? तीन वर्षांच्या डिग्रीला पुढे कोणी विचारेल का?" नव्या शैक्षणिक धोरणाने हा प्रश्न घरोघरी नेऊन ठेवलाय. पण तो वाटतो तितका नवा नाही.

आपल्याकडे कॉमर्सचं कॉलेज पहिल्यांदा निघालं ते मुंबईत, १९१३ साली. सिडनहॅम. आशियातलं पहिलं म्हणून ते ओळखलं जातं. (१९१८ ते १९२० या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे अर्थशास्त्र शिकवत होते, हे कॉमर्सवाल्यांनाही बऱ्याचदा ठाऊक नसतं.) पुण्यात बीएमसीसी यायला १९४३ उजाडलं.

आता गंमत बघा. आपल्या आजोबांच्या पिढीने कॉलेजात चार वर्षंच काढली होती. अकरावीला मॅट्रिक, मग एफ.वाय., इंटर, ज्युनिअर, सीनिअर. सत्तरच्या दशकात १०+२+३ आलं आणि बेरीज पंधराची पंधराच राहिली, फक्त वाटणी बदलली. आता चौथं वर्ष धरलं तर ती पहिल्यांदा सोळावर जातेय.

मग त्या पिढीचं करिअर डिग्रीच्या लांबीवर उभं राहिलं का? मला नाही वाटत. १९६९ साली १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, गावोगाव शाखा निघाल्या. तिथे बी.कॉम.वाले लागले तसे बी.ए. आणि बी.एस्सी.वालेही लागले. व्हाउचर कसं तपासायचं, दिवसअखेर कॅश कशी जुळवायची, हे काउंटरवर शेजारी बसलेल्या जुन्या माणसाने शिकवलं.

सहकाराचं उदाहरण तर आपल्या अंगणातलं. सोसायटी, पतसंस्था, दूध संघ यांचे हिशेब तपासायला जी.डी.सी. अँड ए. ही सरकारी पदविका आहे. कॉलेजची वर्षं नाहीत, घरी अभ्यास करून परीक्षा द्यायची. पण आजचा सहकार कायदा नुसत्या पदविकेवर प्रमाणित लेखापरीक्षक मानत नाही. पदवी हवी, पदविका हवी, शिवाय संस्थांच्या ऑडिटचा किमान तीन वर्षांचा अनुभव आणि मराठीचं कामापुरतं ज्ञान. सी.ए.चंही तेच. २०२३मध्ये आर्टिकलशिप तीन वर्षांवरून दोनवर आणली, पण काढून टाकली नाही. दुसऱ्याच्या वह्या तपासल्याशिवाय सही करायचा हक्क नाही.

आणि नव्या बी.कॉम.मध्ये? ओजेटी, म्हणजे प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण, चार क्रेडिटचं. क्रेडिटला ३० तास धरले तर १२० तास. आठ तासांचा दिवस धरा, पंधरा दिवस झाले! त्यातही तालुक्याच्या गावी ओळखीच्या दुकानदाराचा शिक्का मारून ते उरकलं जाईल, ही मला खरी भीती आहे.

पाट्या बदलण्यात आपण हुशार आहोतच. २०२४मध्ये बीबीए, बीएमएस एआयसीटीईखाली आले, सीईटी लागू झाली, तर कित्येक कॉलेजांनी तोच कोर्स बी.कॉम. (मॅनेजमेंट स्टडीज) म्हणून सुरू केला.

आता सरळ सांगतो. एका वर्षानंतर सर्टिफिकेट घेऊन बाहेर पडायची सोय आहे. घरची अडचण असेल तर पुन्हा परतायला ती बरी, पण त्या कागदावर नोकरी धरून चालू नका. चौथं वर्ष संशोधनात जायचं असेल किंवा बाहेरच्या विद्यापीठाला सोळा वर्षं लागत असतील तर जरूर करा. एम.कॉम. करायचंच असेल तर ३+२ काय नि ४+१ काय, बेरीज पाचच. बाकीच्यांनी तीन वर्षांची डिग्री घ्यावी आणि चौथ्या वर्षाची फी, खोलीभाडं, मेसचे पैसे वाचवून ते वर्ष एखाद्या कर सल्लागाराकडे, सी.ए.च्या ऑफिसात नाहीतर पतसंस्थेत काढावं. सुरुवातीला पगार तुटपुंजा मिळेल. पण जीएसटीचं रिटर्न स्वतः भरलेलं असेल, बँकेचं रिकन्सिलिएशन स्वतः जुळवलेलं असेल.

ॲडमिशनला जाल तेव्हा फीबरोबर एवढं विचारा: मागच्या बॅचची मुलं ओजेटीला नक्की कुठे गेली, आणि त्यांनी तिथे काय काम केलं?