शिखरावरून पुन्हा शाळेत

विंचूर म्हटले की कांदा, द्राक्षे आणि विंचूरकर सरदार आठवतात. बर्फाशी आमचा संबंध उन्हाळ्यात उसाच्या रसापुरता! पण उत्तरेला चांदवडचे डोंगर. त्यांवर भटकत वाढल्यामुळे मला वाटे, कातळ चढता आला की हिमालयही चढता येतो. उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत प्राथमिक अभ्यासक्रमाला गेलो आणि हा भ्रम फिटला.

तेथे बर्फावर चढण्याआधी घसरताना थांबायला शिकवतात. मुद्दाम घसरायचे, आइस अॅक्स छातीशी धरून तिची चोच बर्फात रुतवायची आणि स्वतःला रोखायचे. विचार न करता हात चालेपर्यंत पुन्हा पुन्हा तेच. आपला कातळ सकाळी असतो तसाच दुपारी असतो. बर्फ मात्र सकाळी टणक, दुपारी भुसभुशीत.

ही विद्या आपल्याकडे रीतसर शिकवली जाऊ लागली, त्यामागे एक गोष्ट आहे. २९ मे १९५३ रोजी तेनसिंग नोर्गे आणि एडमंड हिलरी एव्हरेस्टवर पोहोचले. पुढच्याच वर्षी, ४ नोव्हेंबर १९५४ रोजी, दार्जिलिंगला हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट सुरू झाली. मेजर नरेंद्र धर जयाल पहिले प्राचार्य झाले आणि प्रत्यक्ष डोंगरावरचे शिक्षण तेनसिंग यांच्याकडे आले. त्याआधी मात्र तेनसिंग काही शेर्पा सहकाऱ्यांसह स्वित्झर्लंडला गेले आणि आर्नोल्ड ग्लाटहार्ड यांच्या गिर्यारोहण शाळेत विद्यार्थी म्हणून राहिले.

एव्हरेस्ट चढलेल्या माणसाला तिथे काय शिकायचे होते? मला वाटते, शिकवायचे कसे, हे! आल्प्समध्ये वाटाड्यांचा व्यवसाय जुना. फ्रान्समधील शामोनी येथे त्यांची संघटना १८२१ पासून आहे. नवख्याला दोराला बांधून वर नेणे आणि सुखरूप खाली आणणे, ही विद्या तेथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. दार्जिलिंगपाठोपाठ १९६५ मध्ये उत्तरकाशीची संस्था निघाली आणि ती माझ्यासारख्या विंचूरकरापर्यंत पोहोचली.

शिक्षणाने धोका संपत नाही. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी द्रौपदी का डांडा शिखरावर उत्तरकाशीच्याच प्रगत अभ्यासक्रमाची तुकडी हिमस्खलनात सापडली. प्रशिक्षक आणि प्रशिक्षणार्थी मिळून २९ जणांना पर्वताने गिळले. ती बातमी ऐकली त्या रात्री मला झोप लागली नाही.

गावातली पोरे आजही विचारतात, "आम्ही रोजच डोंगर चढतो, मग शिकायला कशाला जायचे?" मी त्यांना तेनसिंगची गोष्ट सांगतो. जगातल्या सर्वांत उंच शिखरावरून उतरलेला माणूस पुन्हा शाळेत गेला होता.